मुलांना घेऊन सावंतवाडीला

ठाण्याहून सावंतवाडीला राहायला आलो, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "पोरं आजारी पडली तर?" प्रश्न रास्तच आहे. साध्या तापा-खोकल्याला इथले डॉक्टर पुरेसे आहेत, पण मोठं काही झालं तर इथली माणसं गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात धाव घेतात. लहान मुलं असतील तर याचा विचार आधी करा, बाकी सगळं नंतर.

पावसाचंही तसंच. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, शाळेचा गणवेश इस्त्रीने सुकवावा लागतो आणि दप्तराला बुरशी धरते. वीज गेली की कधी येईल त्याचा नेम नाही.

पण संध्याकाळी मुलांना घेऊन मोती तलावाच्या काठाने चालत निघते ना, तेव्हा मी खरंच सुखी असते. चितार आळीत धाकटा हमखास थांबतो. लाकडी आंबे, केळी, फणस, मिरच्या, सगळं रंगवून मांडलेलं. पूर्वापार ही खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करतात. एकदा तिथल्या काकांनी त्याच्या हातात न रंगवलेला भोवरा दिला, "हुंगून बघ रे." तो कितीतरी वेळ नाकाशी धरून उभा होता.

थोरली शेजारच्या आजींशी आता मालवणीत भांडते. आजी तिला रागावतात, जेवायलाही घालतात. ठाण्यात आमच्या मजल्यावरची दारं कायम बंद असायची. मला मुलांसाठी हेच हवं होतं.