हरून आत आलेला

टेनिसमध्ये हरूनही मुख्य स्पर्धेत शिरता येतं, हे माझ्या वडिलांना कधीच पटलं नाही. क्रिकेटवर वाढलेला माणूस. 'हरला ना? मग बॅग भरायची आणि घरी जायचं,' असा सरळ हिशोब. मी त्यांना समजावायचो: ग्रँड स्लॅमचा, म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी कुठल्याही एकीचा, मुख्य ड्रॉ (सामन्यांचा तक्ता) 128 जणांचा. त्यातले 16 जण पात्रता फेऱ्यांतून येतात. पात्रतेलाही 128 जण, आणि तिथे लागोपाठ तीन सामने जिंकावे लागतात. तिसऱ्या सामन्यात जे हरतात, त्यांच्यातले क्रमवारीत वर असलेले काही जण गाव सोडत नाहीत. मुख्य ड्रॉमधल्या कुणाची पाठ धरली, कुणाचा गुडघा दुखावला, तर त्याच्या जागी यांच्यातला एक आत. त्याला म्हणतात लकी लूजर. पहिला नंबर कुणाचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. नाहीतर आपली जागा पक्की आहे म्हटल्यावर शेवटचा सामना कोण जीव तोडून खेळेल?

'म्हणजे वेटिंगचं तिकीट,' वडील म्हणाले.

अगदी तेच. फक्त रेल्वेत चार्ट लागला की निकाल कळतो. इथे रोज सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी हजेरी लावायची, यादीवर सही करायची आणि मग दिवसभर दुसऱ्याच्या दुखण्याची वाट बघायची. चांगल्या घरातली माणसं करत नाहीत असं काम, पण नियमात बसतं.

या वेटिंगवाल्यांमधला माझा लाडका माणूस म्हणजे फ्रान्सचा स्तेफान रोबेर. जानेवारी 2014, मेलबर्न. हा 33 वर्षांचा. पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेला. जर्मनीच्या फिलिप कोलश्रायबरने दुखापतीमुळे माघार घेतली आणि रोबेरला जागा मिळाली. पहिला सामना स्लोव्हेनियाच्या अल्याझ बेडेनेशी, जिंकला. दुसरा पोलंडच्या मिखाव प्शिसेंझ्नीशी, जिंकला. तिसरा स्लोव्हाकियाच्या मार्टिन क्लिझानशी, तोही जिंकला. ऑस्ट्रेलियन ओपनच्या इतिहासात लकी लूजर म्हणून चौथ्या फेरीपर्यंत पोचलेला तो पहिला. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला त्या वर्षी 30,000 ऑस्ट्रेलियन डॉलर होते आणि चौथ्या फेरीत हरणाऱ्याला 1,35,000. आठवड्याभरापूर्वी हा माणूस स्पर्धेतच नव्हता.

चौथ्या फेरीत समोर अँडी मरे. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात विम्बल्डन जिंकलेला. पहिले दोन सेट 6-1, 6-2 असे मरेचे. इथे कुणीही म्हटलं असतं, की बाबा, तुझी सहल छान झाली, आता घरी जा. रोबेरने तिसऱ्या सेटमध्ये चार मॅच पॉइंट वाचवले, म्हणजे चार वेळा मरे विजयापासून एका गुणावर होता, टायब्रेक जिंकला आणि मरेने संतापून आपली रॅकेट मोडली. चौथा सेट 6-2 ने मरेचा, गोष्ट संपली. पण जगातल्या पहिल्या चारात गणल्या जाणाऱ्या माणसाला रॅकेट मोडायला लावणं हे माझ्या दृष्टीने छोट्या चषकापेक्षा कमी नाही.

रोबेर मूळचा मोंतार्जीचा. पॅरिसच्या दक्षिणेला, कालव्यांचं आणि पुलांचं छोटं गाव. तिथले साखरेत घोळवलेले खरपूस बदाम प्रसिद्ध आहेत. आणि शेजारच्या रबराच्या कारखान्यात 1920 च्या दशकात तरुण देंग श्याओपिंग बूट बनवायचं काम करत होते, ही माहिती टेनिसशी काडीचाही संबंध नसलेली, पण माझ्याने लपवून ठेवता येत नाही. अशा गावातून 1980 साली जन्मलेला मुलगा 2001 मध्ये व्यावसायिक टेनिसपटू होतो, आणि मग पुढची पंधरा-सोळा वर्षं तेच करत राहतो. मला कुतूहल आहे ते या पंधरा वर्षांचं. मेलबर्नचा आठवडा सगळ्यांना दिसला. बाकीचे शेकडो आठवडे कसे गेले असतील?

फ्रान्समध्ये टेनिस हा चॅम्पियन घडवायचा कारखाना आहे, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात पुरुषांत रोलाँ गारोस, म्हणजे फ्रेंच ओपन, जिंकणारा शेवटचा फ्रेंच माणूस यानिक नोआ, आणि ते साल 1983. आपल्याकडे वर्ल्ड कप आला ते वर्ष. त्यानंतर एकही नाही. पण क्रमवारीतल्या पहिल्या शंभरात बघा, फ्रेंच नावं ढिगाने. शिखर नाही, पठार मात्र भलं मोठं. त्याचं कारण गावोगावचे क्लब. देशात दहा लाखांहून जास्त माणसांकडे टेनिस महासंघाचा परवाना आहे, आणि स्पर्धा खेळणाऱ्या प्रत्येकाला, अगदी हौशी दातांच्या डॉक्टरला आणि शाळामास्तरालासुद्धा, क्रमवारीत स्थान मिळतं. त्या क्रमवारीची रचना टेनिसच्या गुणांसारखी पण उलटी: सुरुवात 40 वर, मग 30, मग 15, मग शून्य, आणि फारच चांगले असाल तर उणे. उणे पंधरा असणं ही तिथे मिरवायची गोष्ट आहे. माझ्या शाळेत मी गणितात एवढा हुशार होतो, हे तेव्हा कुणाला कळलं नाही.

या क्लबांचा एक उपयोग असा, की वर्षाअखेरीस त्यांच्या सांघिक स्पर्धा होतात आणि मोठे क्लब त्यासाठी पैसे देऊन व्यावसायिक खेळाडू आणतात. जगात दीडशेव्या नंबरवर असलेल्या माणसाचं घर त्यावर बऱ्यापैकी चालतं. शेजारी जर्मनीत उन्हाळ्यात तसंच. कारण चॅलेंजर नावाच्या खालच्या सर्किटवर बक्षिसाच्या रकमेत विमान, प्रशिक्षक आणि तारा ओढून घेण्याचा खर्च भागवायचा म्हणजे तारेवरचीच कसरत. प्रत्येक सामन्याआधी दोन-तीन रॅकेटना नवी तार लागते आणि तार ओढणारा दर रॅकेटमागे पैसे घेतो. हे खेळाडू पहाटेच्या विमानाने प्रवास करतात, दर आठवड्याला वेगळ्या चेंडूंनी खेळतात, आणि ज्या आठवड्यात हरतात त्या आठवड्यात बुधवारपासून रिकामे असतात. पुढच्या गावाला लवकर जावं की इथेच सराव करावा, हा बुधवारचा प्रश्न. बायका-मुलं असलेल्यांना तर तो जास्तच छळत असणार.

शिवाय क्रमवारीचे गुण. ते 52 आठवडे टिकतात, मग गळून जातात. 2014 ला मेलबर्नच्या चौथ्या फेरीचे 180 गुण होते; ते पुढच्या जानेवारीत नाहीसे होणार, आणि त्यांच्या जागी पहिल्या फेरीचे 10 आले तर तुम्ही धाडकन खाली. म्हणजे मागच्या वर्षीचा चांगला आठवडा हा यंदाचा कर्जदार असतो, दारात उभा. छे, उलट झालं: सावकार असतो.

हे सगळं मला दुरून कळलेलं. जवळून बघायला मिळालं ते बालेवाडीत. 2018 पासून काही वर्षं चेन्नईची जुनी एटीपी (म्हणजे पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक सर्किटची) स्पर्धा पुण्यात होत होती, आणि पहिल्याच वर्षी जिंकला तोही फ्रेंचच, जील सिमोन. फायनलला गर्दी असायची, पण मला आवडायचे ते सुरुवातीचे पात्रतेचे दिवस. गॅलरीत मोजकी माणसं, काही क्लासची पोरं, एखादे पेन्शनर काका. बाहेरच्या कोर्टांवर खेळाडू एवढा जवळ असतो, की त्याचा श्वास ऐकू येतो. एक उंच, दाढीवाला खेळाडू आठवतो. बाजू बदलताना खुर्चीत बसला की तो रॅकेटच्या मुठीवरची ओली पट्टी सोलून काढायचा, नवी पट्टी दातात धरून तिचं प्लास्टिक फाडायचा आणि मूठ वळवत वळवत ती गुंडाळायचा. वरपर्यंत आली की अंगठ्याने दाबून बंद. मग पायाशी पडलेलं प्लास्टिक आणि जुनी पट्टी गोळा करून पिशवीत. दर दुसऱ्या वेळी हेच. सामना तो हरत होता आणि ते त्यालाही कळत होतं, तरी पट्टी एकदाही वाकडी गुंडाळली नाही. माझ्या शेजारच्या काकांनी घड्याळ बघत म्हटलं, 'आता कशाला नवीन लावतोय हा?' मला त्या प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही, पण मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडलो.

2023 ला पुण्याच्या फायनलला आणखी एक फ्रेंच होता, बेंजामिन बोन्झी. पहिला सेट जिंकून हॉलंडच्या ग्रीकस्पोरकडून हरला. 2021 मध्ये या बोन्झीने एका वर्षात सहा चॅलेंजर स्पर्धा जिंकल्या होत्या. खालच्या सर्किटवरून वर येण्याचा एक मार्ग हा: इतके चॅलेंजर जिंका, की त्यांनीच तुम्हाला हाकलून द्यावं.

दुसरा मार्ग मावूचा. निकोला मावू हा कमी क्रमवारीतल्या फ्रेंचांपैकी सगळ्यात प्रसिद्ध, पण हरण्यासाठी. 2010 चं विम्बल्डन, 18 नंबरचं कोर्ट, अमेरिकेच्या जॉन आयझ्नरविरुद्ध पाचवा सेट 70-68. तीन दिवस, 11 तास 5 मिनिटं. तो पात्रता फेरीतून आला होता हे अनेकांना ठाऊक नसतं, आणि पात्रतेतही त्याने एक सामना 24-22 असा काढला होता हे तर कुणालाच. पुढे तो दुहेरीकडे वळला आणि आपल्याच देशाच्या एर्बेरच्या जोडीने चारही ग्रँड स्लॅम जिंकला. त्याची गोष्ट त्यामुळे गोड झाली. गोड गोष्टी सगळे सांगतात, म्हणून मी रोबेरकडे परत येतो.

रोबेरच्या नावावर एटीपी एकेरीचं एकही विजेतेपद नाही. फायनल एक, 2010 मध्ये जोहान्सबर्गला. फेलिसियानो लोपेझकडून दोन सेटमध्ये हरला. पुढच्या वर्षी रोलाँ गारोसला पात्रतेतून आत आला आणि पहिल्याच फेरीत सहावा मानांकित टोमास बर्डिच समोर. बर्डिच म्हणजे त्याच्या आदल्या वर्षीचा विम्बल्डनचा उपविजेता. 3-6, 3-6 असे दोन सेट गेले. घरचं कोर्ट, घरचे प्रेक्षक. पुढचे दोन 6-2, 6-2 आणि पाचवा 9-7. हे सगळं 31 व्या वर्षी, 140 च्या आसपासच्या क्रमांकावर असताना. पुढच्या फेरीत तो हरला, आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण एक मोठा विजय मिळाला की आयुष्य बदलतं असं आपण समजतो. त्याचं बदललं नाही. पुढची अडीच वर्षं पुन्हा चॅलेंजर, पुन्हा पात्रता, आणि मग 2014 ला मेलबर्नमध्ये पुन्हा तीच सहीची यादी.

अशा माणसांबद्दल आपण दोन गोष्टी बोलतो. एक, 'बिचारा, थोडक्यात हुकलं.' दोन, 'जिद्द बघा, हार मानली नाही.' मला दोन्ही खोटं वाटतं. थोडक्यात हुकलं म्हणावं तर त्याला फेडररच व्हायचं होतं असं आपणच ठरवतोय. आणि जिद्द म्हणाल, तर जिद्दीवर माणूस वर्ष काढेल, दोन काढेल. पंधरा वर्षं काढायची तर मंगळवारचा सामना खेळायला मजा यावी लागते. समोर कोण, प्रेक्षक किती, हे सोडून. मला वाटतं रोबेरला ती यायची. पुरावा म्हणाल तर त्याचं वय.

फेब्रुवारी 2016 मध्ये तो दिल्लीत आला. चॅलेंजर स्पर्धा, आर. के. खन्ना स्टेडियम. फायनलला आपला साकेत मायनेनी, आणि रोबेरने त्याला 6-3, 6-0 हरवलं. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत बातमी मायनेनी हरल्याची होती, आणि ते साहजिकच आहे. रोबेर तेव्हा 35 चा. त्या वयात बहुतेक टेनिसपटू निरोपाच्या मुलाखती देऊन टीव्हीवर समालोचन करत असतात. हा मात्र दिल्लीच्या हिवाळ्यात गुण गोळा करत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो जागतिक क्रमवारीत 50 वा झाला. कारकिर्दीतला सगळ्यात वरचा क्रमांक, वयाच्या 36 व्या वर्षी. ऐन तारुण्यात नाही, मेलबर्ननंतर नाही, तर अशा वर्षी, जेव्हा त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

यामुळे माझी एक खोड झाली आहे. मे महिन्यात रोलाँ गारोसच्या आधीच्या आठवड्यात मी पात्रतेचा ड्रॉ उघडतो आणि वयाचा रकाना बघतो. तिशीच्या पुढचा कुणी फ्रेंच दिसला, की त्याच्यापुढे खूण. ऑफिसातला एक तरुण सहकारी परवा माझ्या खांद्यावरून डोकावला. त्याने ते नाव कधी ऐकलं नव्हतं.

'सर, हा जिंकणार आहे का?'

'छे.'

'मग?'

'मंगळवारी दुपारी दीडला चौदा नंबरच्या कोर्टावर त्याचा सामना आहे.'