गड्डा

सोलापुरात कुणी 'गड्ड्याला चाललो' म्हणालं तर बाहेरगावच्या पाहुण्याला काही उमगत नाही. आमच्याकडे गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा. संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज निघतात, अक्षता पडतात, होम मैदानावर पाळणे फिरू लागतात. दुसरा गड्डा मातीतला, म्हणजे कंद. तो मराठीत गड्डा, कानडीत गड्डे, आणि पूर्व भागातल्या आमच्या तेलुगू मैत्रिणी कांद्याला उल्लिगड्ड म्हणतात. तीन भाषांच्या या गावात एवढ्या एका शब्दावर तरी सगळ्यांचं जमलेलं आहे.

माझे दोन्ही गड्डे एकाच दिवशी जुळले. यात्रेतून परतताना रस्त्याकडेला एक म्हातारा पोत्यावर काहीतरी पसरून बसला होता. मला वाटलं सुंठ. "कशी दिली?" विचारलं, तर म्हणाला, "सुंठ न्हवं बाई, भुईचाफा हाय." वाळून सुरकुतलेलं, मातीचा कण नाही, पान नाही, कोंब नाही. याचं फूल होणार यावर विश्वास ठेवायचा तो केवळ त्याच्या तोंडाकडे बघून. पाच गड्डे घेतले. काय करायचं विचारल्यावर म्हणाला, "बसवा अन् इसरा की."

बसवणं सोपं होतं. विसरणं जमलं नाही.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आलं की पिंपापासून पातेल्यापर्यंत सगळं भरून घ्यायचं, आणि पुढचं पाणी आलं की उरलेलं 'शिळं' झालं म्हणून झाडांच्या आळ्यात ओतायचं. पाण्याची टंचाई असलेल्या गावातली झाडं जास्त पाण्याने मरतात ती अशी. त्यात आमची माती काळी, एकदा पाणी धरलं की सोडता सोडत नाही. तीन आठवड्यांनी मला राहवलं नाही म्हणून खुरप्याने जरा उकरलं, तर पाचांतले तीन गड्डे बोटाला लगद्यासारखे लागले. वासाबद्दल लिहीत नाही. चौथ्याला नखाएवढा कोंब आला होता, तो माझ्याच खुरप्याने तुटला.

पुढच्या वर्षी कुंपणाकडेचा वाफा वीतभर उंच करून घेतला, तळाला विटांचे तुकडे आणि मुरूम, वर शेणखत मिसळलेली माती. आता तिथे भुईचाफा आहे, निशिगंध आहे, मे फ्लॉवर आहे. कर्दळीला मात्र वाफ्यात घेतलं नाही. ती मोरीच्या पाण्यावर खूश असते, तिला शिस्त लावण्यात अर्थ नाही.

भाची इंग्लंडात यॉर्कशायरला असते. नोव्हेंबरात तिचा व्हिडिओ कॉल आला. बादलीत काळपट झुपके भिजत घातलेले. "मावशी, ओळख काय ते." मी म्हटलं, "नारळाच्या शेंड्या. भांडी घासतेस की काय?" ती खूप हसली. तिकडे म्हणे वर्षानुवर्षं टिकणारी फुलझाडं झोपेत असताना उपटतात, मुळांची माती झाडून टाकतात आणि तशीच पोस्टाने पाठवतात. कुंडीतल्या रोपापेक्षा स्वस्त पडतात आणि वजनही नाही. आली की मुळं तास-दोन तास पाण्यात ठेवायची, खड्ड्यात बोटांसारखी पसरायची, आणि मूळ संपून खोड सुरू होतं ती जागा जमिनीच्या पातळीला आणायची. पिओनी नावाच्या फुलझाडाचे लाल डोळे, म्हणजे कोंब, दोन इंचांहून खोल गेले तर नुसती पानं येतात, फूल रुसतं. आयरिसचं उलट, तिचा गड्डा अर्धा उघडा ठेवायचा, तिला पाठीवर ऊन लागतं.

"ही आमच्यातली दिसते," मी म्हटलं.

"मावशी, ही सगळी हार्डी झाडं आहेत. उणे दहातसुद्धा बाहेर राहतात."

काटक म्हणजे गारठ्यात टिकणारं, हे मला नवीनच. इथे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा गच्चीवर वाळत घातलेली चादर अर्ध्या तासात कडक भाकरीसारखी होते. आमचं काटक ते त्यात टिकणारं. मे फ्लॉवरचं डोकं तर त्याच दिवसांत वर येतं, एखाद-दुसरा वळीव पडला की लालभडक चेंडू. पिओनी इथे लावता येईल का, असं मी विचारून पाहिलं. तिला फुलायला बरेच आठवडे कडक थंडी लागते. आमची थंडी म्हणजे पहाटे स्कूटरवर पाच मिनिटं लागते तेवढीच.

आता एक घरगुती तक्रार. आमच्या ह्यांना रिकामी जमीन बघवत नाही. गड्डे झोपले, पानं वाळून गळली की वाफा ओसाड दिसतो, आणि मी दोन दिवस माहेरी गेले की तिथे कोथिंबीर पेरलेली असते. मग रोज पाणी. "अगं, काहीच नव्हतं तिथे!" या वर्षी मी आइस्क्रीमच्या काड्या जमवल्या, त्यांवर स्केचपेनने 'झोपला आहे' लिहिलं आणि जागोजाग रोवल्या. दूधवाल्याने दोनदा वाचलं आणि हळू आवाजात विचारलं, "काकू, मांजर पुरलंय का?"

मार्चअखेरीस भाचीचा फोन आला, तिची सकाळ, माझी टळटळीत दुपार. स्वेटरमध्ये गुंडाळून ती वाफ्याशी उकिडवी बसली होती. ओल्या काळ्या मातीतून पिओनीची लालचुटूक नाकं वर आली होती, करंगळीच्या पेराएवढी. "बघ, जिवंत आहेत!" ती ओरडली. माझ्याकडेही त्याच सकाळी पाचवा गड्डा उठला होता. पान नाही, देठ नाही, जमिनीतून थेट पांढरं-जांभळं फूल, भेगेत कुणी खोचून ठेवल्यासारखं. मी पदर डोक्यावर ओढला आणि फोन त्याच्यावर धरला.

"दिसतंय का गं?"

"नाही मावशी. नुसतं ऊन दिसतंय."