४० मीटरचा लो-पास फिल्टर घरी बनवताना

क्यूआरपी, म्हणजे कमी पॉवरचा हॅम रेडिओ ट्रान्समीटर बनवताना सगळं लक्ष ऑसिलेटर आणि फायनलवर (शेवटच्या पॉवर अॅम्प्लिफायरवर) जातं आणि अँटेनाच्या आधीचा, वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा लो-पास फिल्टर शेवटी घाईत उरकला जातो. पण ७ मेगाहर्ट्झवर (४० मीटर बँडवर) ५ वॅट देणारा क्लास-सी फायनल १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झवरही सिग्नल, म्हणजे हार्मोनिक, सोडत असतो. ते अडवायला पुढे फक्त हा फिल्टर आहे, म्हणून तो आधी बनवावा असं माझं ठाम मत आहे.

रचना सोपी आहे: ओळीने तीन कॉइल आणि जमिनीकडे जाणारे चार कपॅसिटर. दोन टोकांना २७० पीएफ, मधे दोन ६८० पीएफ. टी३७-६ या पिवळ्या टोरॉइडवर (रिंगच्या आकाराच्या गाभ्यावर) बाहेरच्या दोन कॉइलना २१-२१ वेढे, मधल्या कॉइलला २४. या टोरॉइडचा एएल (एका वेढ्याचा इंडक्टन्स) ३ नॅनोहेन्री, त्याला वेढ्यांच्या वर्गाने गुणायचं. म्हणजे २१ वेढ्यांना साधारण १.३२ मायक्रोहेन्री, २४ ला १.७३.

घोळ होतो तो टोरॉइड विकत घेताना. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा भंगारातल्या कॉम्प्युटर पॉवर सप्लायमध्ये पिवळी, एक बाजू पांढरी असलेली रिंग सहज मिळते. ते २६ नंबरचं मटेरियल, पॉवर सप्लायच्या चोकसाठीचं. आरएफला (रेडिओ फ्रिक्वेन्सीला) ते तापतं आणि पॉवर खातं. लाल टी३७-२ चांगला असतो, पण त्याचा एएल ४ आहे. तेवढेच वेढे घातले तर इंडक्टन्स तिसऱ्या हिश्शाने वाढतो, कट-ऑफ (जिथून फिल्टर अडवायला लागतो ती फ्रिक्वेन्सी) खाली सरकतो आणि आपलाच सिग्नल अडतो. तिथे वेढे १८ आणि २१ करावेत.

२८ एसडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचा गेज) एनॅमल तारेचे ४० सेंटीमीटरचे तुकडे पुरतात. तार भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे. पहिल्यांदा नुसती ओवली तरी तो एक वेढा झाला. बाहेरून मोजलं की हमखास एक चुकतो. वेढे रिंगभर सारखे पसरावेत, दोन टोकांत थोडी फट ठेवावी. टोकांवरचं एनॅमल ब्लेडने चारही बाजूंनी खरवडावं, टिन लावावं आणि मल्टिमीटरने सलगता तपासावी. बंद पडलेल्या फिल्टरमध्ये बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो: सोल्डर चकाकतं, पण खाली एनॅमल तसंच असतं.

कपॅसिटर सी०जी किंवा एनपी० (तापमानाने व्हॅल्यू न बदलणारे), १०० व्होल्टचे तरी हवेत. ५ वॅटला ५० ओममध्ये शिखर व्होल्टेज २२ च्या आसपास असतं, पण अँटेना जुळलेली नसेल तर ते बरंच चढतं. साधी डिस्क सिरॅमिक इथे नको, ती गरम होऊन व्हॅल्यू बदलते.

कॉपर क्लॅड बोर्डवर छोटे तुकडे चिकटवून त्यांवर सोल्डर करावं. कपॅसिटरचे पाय आखूड ठेवावेत, आणि इनपुट व आउटपुट बोर्डाच्या विरुद्ध टोकांना असावेत, नाहीतर हार्मोनिक फिल्टरला वळसा घालून बाहेर पडतात.

तपासणीसाठी डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी पॉवर जिरवणारा रेझिस्टर, लागतो. १ किलोओम, पाव वॅटचे २० मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओम, ५ वॅट तयार. वायरवाउंड घेऊ नयेत, त्यांचा इंडक्टन्स आड येतो. लोडवर १एन४१४८ डायोड आणि १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावून डीसी व्होल्टेज मोजावं. त्यात ०.७ मिळवावं, वर्ग करावा, १०० ने भागावं: आली वॅटमधली पॉवर. २१.७ व्होल्ट दिसले तर ५ वॅट. हे माप फिल्टरनंतरचंच धरावं. आधीच्या मापात हार्मोनिकही मिसळलेले असतात.

नॅनोव्हीएनए (फिल्टरचा आलेख दाखवणारं छोटं यंत्र) असेल तर ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये रेषा सपाट आणि १४ ला ४० डीबीच्या आसपास खाली दिसायला हवी. ७ लाच उतार लागला असेल तर वेढे किंचित फाकवावेत, इंडक्टन्स कमी होतो. तरीही जमलं नाही तर एक वेढा काढावा. जागा पक्की झाली की नेलपॉलिशचा एक थेंब लावून वेढे बसवून टाकावेत. हॅम रेडिओचा परवाना हाती असेल, तरच डमी लोड काढून अँटेना जोडावी.