कट कट वाजतंय पण सेल्फ घेत नाही

रत्नागिरीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो मी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ती ऑगस्टमध्ये सुरू झाली की मिरकरवाडा बंदरात पिकअपची रांग लागते आणि दोन महिने उभ्या राहिलेल्या गाड्या एकेक करून रुसायला लागतात. त्या दिवशी सकाळी सकाळीच फोन आला, काका लवकर या, बांगडा भरलाय, बर्फ टाकलाय, कोल्हापूरला निघायचंय आणि चावी मारली की नुसतं कट कट कट, सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, फिरतच नाही.

गेलो तर पोरगा अगदी रडकुंडीला आलेला. बॅटरी आठवड्यापूर्वीच नवीन घेतलेली, आता कोणीतरी सांगितलं की सेल्फ गेलाय, तोही बदल. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपरच्या वायरी लावून झालं होतं, काही फरक नाही. एवढे दिवस उतारावर लावून धक्क्यावर चालू करत होता, पण भरलेली गाडी सपाटीवर ढकलणार कोण.

मी म्हटलं, आधी हेडलाइट लाव आणि मग चावी मार. लाइट जराही मंद झाले नाहीत! मला तिथंच कळलं की बॅटरीच्या मागे लागायचं नाही. डिझेल गाडीचा सेल्फ दोनशे अँपिअर तर सहज ओढतो, त्यामुळे बॅटरी कमजोर असेल किंवा सेल्फ जाम असेल तर लाइट डोळ्यांदेखत बसतात. इथं करंट निघतच नव्हता, म्हणजे वाटेत कुठेतरी अडत होता.

मग मीटर काढला. बॅटरी 12.6 व्होल्ट, चावी मारल्यावरही जवळपास तेवढीच. प्लस टर्मिनलपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत चावी धरून बघितलं तर ड्रॉप, म्हणजे वाटेत खाल्ले जाणारे व्होल्ट, नाहीच म्हणावा इतका. मायनसपासून बॉडीला, तिथंही काही नाही. मग एक टोक मायनसवरच ठेवलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर दाबलं आणि म्हटलं मार चावी. जिथं 0.2-0.3 व्होल्टच्या वर जायला नको तिथं आकडा 10 च्या आसपास नाचायला लागला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीच्या मायनसला परतायची वाट, मिळते ती चॅसीवरून येणाऱ्या एका पट्टीतून, बाकी धड वाट नाही. गिअरच्या केबलला हात लावला तर ती कोमट, म्हणजे बिचारा करंट तिथून परत जायला बघत होता.

खाली घुसलो. पट्टी वरून धड दिसत होती, पण लग, म्हणजे टोकाला बोल्टखाली बसणारी धातूची कडी, हलवला तसा हातात आला, आत तांबं हिरवं होऊन पिठासारखं भुरभुरत होतं. मासळीच्या गाडीत बर्फाचं खारट पाणी सतत खाली गळतं, त्यात दोन महिने गाडी पावसात उभी. जंपरची एक वायर मायनसपासून थेट इंजिनच्या हुकला लावली आणि चावी मारायला सांगितली, अर्ध्या फेरीत गाडी चालू! आधी जंपर का चालला नाही तेही यातच आलं, तो बॅटरीवर लावला होता आणि बॅटरीत दोष नव्हताच.

गाडी भरलेली, बर्फ वितळतोय, म्हणून तिथंच जाड केबलला दोन्हीकडे लग दाबून नवीन अर्थ टाकली. लग बसतो तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत केलं, बोल्ट आवळला आणि मगच वरून ग्रीस. लोक नुसता बोल्ट आवळतात, रंगावरून करंट जाणार कसा?

पोराला एक गोष्ट मात्र पटेना, मग जुनी बॅटरी का बसली होती. अरे, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर इंजिनवरच असतो ना, त्याचा चार्जसुद्धा याच पट्टीतून फिरणार, पट्टी खराब तर चार्जिंग अर्धवट. सुदैवाने जुनी बॅटरी त्याने एक्स्चेंजमध्ये दिली नव्हती, घरीच होती. कोल्हापूरहून आल्यावर घेऊन आला, रात्रभर चार्जला लावली आणि सकाळी लोड देऊन बघितली, 10 व्होल्टच्या वर व्यवस्थित टिकली. आता ती त्याच्या भावाच्या टेम्पोत आहे.