फोरमनच्या जोडी

आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्या नेमायचं काम जवळजवळ तीस वर्षं अण्णांकडे होतं. पालखीच्या आदल्या दिवशी देवळामागच्या ओट्याजवळ पैलवान येऊन उभे राहायचे. अण्णा त्यांची मान, खांदे, पोटऱ्या निरखायचे, मागच्या हंगामात कुणाशी लढलास ते विचारायचे आणि वहीत दोन नावं समोरासमोर लिहायचे. जोड लागली. पोरांच्या कुस्तीत थोडं कमीजास्त चालून जातं, शेवटच्या इनामाच्या कुस्तीत चालत नाही. तिथं जोड चुकली तर फडावरची माणसं दोन मिनिटांत उठून जातात, आणि कधी कधी एखाद्या पैलवानाचं अख्खं आयुष्य बिघडतं.

मी मात्र लाल माती सोडून बॉक्सिंगकडे गेलो. अण्णांना ते रुचलं नव्हतं. घरात कधी बोलले नाहीत, पण माझी एकही लढत बघायला आले नाहीत. १९९५ च्या उन्हाळ्यात मित्राच्या मामांनी दुबईहून एक कॅसेट आणली, तेव्हा पहिल्यांदा ते माझ्याबरोबर बॉक्सिंग बघायला बसले. जॉर्ज फोरमन विरुद्ध मायकेल मूरर, हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत, लास व्हेगास, ५ नोव्हेंबर १९९४. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं, "अण्णा, ह्यातला एक जण तुमच्याच वयाचा आहे." फोरमन जानेवारी १९४९ चा, अण्णाही त्याच वर्षीचे. पंचेचाळीस.

दोन फेऱ्या झाल्यावर अण्णा म्हणाले, "पाय गेल्यात ह्येचं. हात हायती." पुढच्या विश्रांतीत त्यांच्या लक्षात आलं की फोरमन स्टुलावर बसतच नाही, कोपऱ्यात उभा राहतो. "बराबर हाय. बसलं की अंग थंड पडतंय." माझे डोळे ठोशांवर होते, अण्णा विश्रांती बघत होते.

पहिल्या नऊ फेऱ्यांत वरचढ मूररच होता. दोन पंचांच्या कागदावर तो ८८-८३ असा पुढे होता, तिसऱ्याच्या कागदावर ८६-८५. सव्वीस वर्षांचा, डावखुरा, पस्तीस लढतींत एकही हार नाही. फोरमनचा चेहरा सुजत चालला होता, तरी तो डाव्या हाताचा जड जॅब मारत पुढे सरकतच राहिला. दहाव्या फेरीत डावा, उजवा, पुन्हा डावा, आणि मग हनुवटीवर आखूड असा एक उजवा. मूरर पाठीवर पडला. पंचानं दहा मोजले. फेरीची दोन मिनिटं आणि तीन सेकंद झाली होती. फोरमन कोपऱ्यात गुडघे टेकून बसला. मी ओरडत होतो. अण्णा पडद्याकडे बघत म्हणाले, "ह्येच्या जोडी कुणी लावल्या रं?"

मी सगळ्यांना ही गोष्ट एका ठोशाची म्हणून सांगत सुटलो होतो. अण्णांच्या प्रश्नानंतर ती तशी सांगता येईना.

आफ्रिकेतल्या किन्शासात मुहम्मद अलीकडून हरला तेव्हा, ऑक्टोबर १९७४ मध्ये, फोरमन पंचवीस वर्षांचा होता. १९७७ च्या मार्चमध्ये सान हुआनला जिमी यंगकडून हरला, ड्रेसिंग रूममध्ये त्याला देवाचा साक्षात्कार झाला आणि त्यानं ग्लव्ह्ज उतरवले. दहा वर्षं तो ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक होता. मुलांसाठी एक केंद्र काढलं होतं, ते चालवायला पैसे पुरेनात म्हणून १९८७ मध्ये परतला. वय अडतीस, वजन १२१ किलो. लोक हसले.

पहिली जोड सॅक्रामेंटोत स्टीव्ह झाउस्कीशी. चौथ्या फेरीत संपली. तिथून पुढे साडेतीन वर्षांत चोवीस लढती, चोवीस विजय, त्यातले तेवीस नॉकआउट. वर्तमानपत्रवाले म्हणायचे, हा भाजीवाल्यांशी लढतो. काही नावं खरंच तशीच होती. पण माझ्या मते त्या चोवीस लढतींमध्येच सगळं आहे. दहा वर्षं गंजलेलं अंग एकदम मोठ्या माणसापुढं न्यायचं नाही. आधी चार फेऱ्यांचा दम, मग सहाचा, मग आठचा. वजन उतरवायचं तेही लढत लढत. मग ड्वाइट मुहम्मद कावीसारखा बुटका, चिवट, पूर्वी जग जिंकलेला माणूस घ्यायचा. त्याला सातव्या फेरीत थांबवलं. १९९० च्या जानेवारीत गेरी कूनी, दोन फेऱ्यांत. मग कुठं १९९१ च्या एप्रिलमध्ये अटलांटिक सिटीत इव्हँडर होलिफिल्ड. बेचाळीसाव्या वर्षी विजेत्यासमोर बारा फेऱ्या उभा राहिला. गुणांवर हरला, पण हसायचे ते लोक गप्प झाले. आमच्याकडे दुखापतीनंतर परतणाऱ्या पैलवानाला वस्ताद असंच चढवत नेतात. कराड-कोल्हापूरकडच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

१९९३ च्या जूनमध्ये टॉमी मॉरिसन बारा फेऱ्या फिरत राहिला, अंगाला लागलाच नाही, आणि जिंकला. तिथं सगळं संपायला हवं होतं. पुढचे सतरा महिने फोरमन लढला नाही. आणि मग मूरर. ही जोड ज्यानं पाहिली त्याला मी मानतो. १९९४ च्या एप्रिलमध्ये मूररनं होलिफिल्डला हरवलं, पण दुसऱ्या फेरीत तो एकदा खाली बसला होता. त्याआधी बर्ट कूपरनंही त्याला दोनदा पाडलं होतं. म्हणजे हनुवटी हलते. शिवाय तो मॉरिसनसारखा पळत नाही, समोर उभा राहून लढतो. डब्ल्यूबीए ह्या जगज्जेतेपदाचा पट्टा देणाऱ्या संघटनेनं सुरुवातीला ह्या लढतीला मान्यताच नाकारली, ती मिळवायला फोरमनला कोर्टात जावं लागलं. पाय नसलेल्या म्हाताऱ्यासाठी त्या वर्षी जगात ह्याहून बरी जोड नव्हती. आणि त्याच्या कोपऱ्यात अँजेलो डंडी हा प्रशिक्षक होता, जो वीस वर्षांपूर्वी किन्शासात अलीच्या कोपऱ्यात होता. अंगात चड्डीही किन्शासातलीच, लाल.

आता माइक टायसन. ह्यावर माझं आणि अण्णांचं आजतागायत जमलेलं नाही. १९९० च्या जूनमध्ये लास व्हेगासला एकाच रात्री, एकाच रिंगमध्ये फोरमन आणि टायसन दोघंही लढले, वेगवेगळ्या माणसांशी. दोघांनी आपापले गडी झटपट झोपवले. त्यांची आपसात जोड मात्र कधीच लागली नाही. १९९५ च्या मार्चमध्ये टायसन तुरुंगातून सुटला तेव्हा फोरमन विजेता होता, सगळं जग तीच लढत मागत होतं. मी म्हणतो, घ्यायला हवी होती. फोरमनला आयुष्यभर त्रास दिला तो मागं सरणाऱ्यांनी: अली, यंग, मॉरिसन. पुढं येणारा, वाकून आत घुसणारा माणूस त्याला हवाच असायचा. जो फ्रेझर तसाच होता, आणि १९७३ मध्ये किंग्स्टनला दोन फेऱ्यांत सहा वेळा पडला. फ्रेझर जवळजवळ सहा फूट, टायसन त्याहूनही बुटका. खालून येणारा तो उजवा अपरकट टायसनसाठीच बनवलेला होता असं मला वाटतं.

अण्णा ऐकून घेतात. "पुढं येणारा गडी त्येला चांगला, ते खरं. पन पहिला ठोसा चुकला तर? बाजूला व्हायला पाय कुठनं आणनार?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी मी माझं म्हणणं सोडत नाही.

मूररनंतरच्या जोडी बघवत नाहीत. टोनी टकरशी लढायला नकार दिला म्हणून डब्ल्यूबीएचा पट्टा गेला. १९९५ च्या एप्रिलमध्ये अॅक्सेल शुल्झ नावाच्या जर्मन पोरानं डोळा सुजवला, निकाल फोरमनच्या बाजूनं लागला, पण तो मला पटलेला नाही. शुल्झशी पुन्हा लढ म्हटल्यावर आयबीएफ ह्या दुसऱ्या संघटनेचा पट्टाही सोडला. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये शॅनन ब्रिग्ज. तिथं उलटं झालं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी फोरमन जिंकला असं माझ्यासह बहुतेकांना दिसत होतं, आणि पंचांनी ब्रिग्जला दिलं. ती शेवटची.

खरं तर अजून एक ठरली होती. लॅरी होम्सशी, १९९९ च्या जानेवारीत, ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममध्ये. एक पन्नाशीचा, दुसरा एकोणपन्नासाचा. पैसे उभे राहिले नाहीत आणि बारगळली. त्या वेळी मला फार वाईट वाटलं होतं.

२१ मार्च २०२५ ला फोरमन गेला, शहात्तराव्या वर्षी. मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, मी गावी फोन लावला. अण्णांना आता कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या होम्ससंगं झाली न्हवती न्हवं?"

"नाही अण्णा. मोडली ती."

"ब्येस झालं. म्हाताऱ्याला म्हातारा लावू नये. दोघं येकमेकाला धरून उभं ऱ्हात्यात नुसतं."

मग त्यांनी विचारलं, यंदा जत्रेला येणार का.