तापलं की भोक मोठं होतं की लहान?

लोखंडाची चकती आहे, मधे गोल भोक आहे, चकती तापवली तर भोकाचं काय होणार? कोणालाही विचारा, बहुतेक जण ठामपणे सांगतील की लहान होणार, धातू फुगतो ना, मग बाहेर फुगेल तसा आतही फुगणारच. ऐकायला हे इतकं बरोबर वाटतं की खोडून काढायचं जिवावर येतं. पण होतं बरोब्बर उलटं, भोक मोठं होतं, आणि हे पक्कं माहीत असूनही माझं डोकं अजून आधी "लहान" म्हणतं आणि मगच ताळ्यावर येतं.

भोक सोडा, आधी एक सरळ पट्टी घ्या. ती तापली की लांब होते, याबद्दल कोणाचंच भांडण नाही. आता तीच वाकवून टोकं जोडली की झालं कडं, ते तापवलं तरी पट्टी लांब होणारच, म्हणजे घेर वाढला, आणि घेर वाढला तर आतली जागा लहान कशी होईल? भोकाच्या काठावरचे अणू आत सरकायचे म्हणजे त्यांना आणखी दाटीवाटीनं बसावं लागेल, आणि तापल्यावर त्यांना नेमकी तीच नको असते! भोकाला स्वतःचं मत नाहीच, त्यात त्याच धातूची चकती भरलेली असती तर ती जेवढी वाढली असती तेवढंच ते वाढतं.

मला वाटतं थोडा दोष त्या गोळा-कड्याच्या प्रयोगाचा आहे, १८व्या शतकात लेडनला शिकवणाऱ्या ग्राव्हेझांड यांच्या नावाने ओळखतात तो. शाळेत नेहमी थंडपणी कड्यातून आरपार जाणारा गोळाच तापवतात, मग तो कड्यात अडकतो, टाळ्या, तास संपला. कडं तापवून कोणी दाखवतच नाही, खरी मजा तर तिथे आहे.

वर्कशॉपमधे मात्र असल्या चर्चेला वेळ नसतो. १०० मिमी जाडीच्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, बेअरिंग (दांडा सहज फिरू देणारं स्टीलचं कडं) बसवायचंय आणि भोक शाफ्टपेक्षा मुद्दाम काही शतांश मिमी लहान ठेवलेलं असतं, थंड असताना ते हाताने जाणारच नाही. मग इंडक्शन हीटरवर (विजेने धातू आतूनच तापवणारं यंत्र) किंवा तेलात ते साधारण ११० डिग्रीपर्यंत तापवतात (गॅसची ज्योत थेट लावायची नाही, स्टीलचा कडकपणा जातो). स्टील दर डिग्रीला लाखात सव्वा भागाच्या आसपास वाढतं, तर ८०-९० डिग्रीच्या फरकात भोक जेमतेम ०.१ मिमीने मोठं होतं, पण तेवढ्यात काम होतं, जाड हातमोजे घालून सरळ ढकललं की सर्रकन आत. थांबायला मात्र वेळ नाही, शाफ्ट थंड असतो आणि बेअरिंगची उष्णता खेचून घेतो, मधेच तिरकं झालं की तिथेच आवळतं. आणि जागेवर गेलं म्हणून लगेच सोडायचंही नाही, कारण थंड होताना बेअरिंगची रुंदीसुद्धा कमी होते आणि ते शाफ्टच्या खांद्यापासून (बेअरिंग जिथे टेकतं त्या पायरीपासून) जरासं सुटतं, म्हणून पकड येईपर्यंत दाबून धरायचं. ही रुंदीवाली गोष्ट मला भोकापेक्षाही जास्त आवडते.

अट एकच, सगळा भाग सारखा तापला पाहिजे. मोठ्या जाड प्लेटमधे नुसता भोकाचा काठ लाल केला तर भोवतालचा थंड धातू त्याला मोकळं होऊच देत नाही आणि भोक जेमतेम हलतं.

अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट वाढतं, त्यामुळे अॅल्युमिनियमच्या हाउसिंगमधे (बेअरिंग ज्यात बसतं त्या बाहेरच्या खोक्यात) थंडपणी घट्ट बसलेलं स्टीलचं बेअरिंग मशीन गरम झाल्यावर सैल पडू शकतं, आणि मशीन बंद करून तपासायला जावं तर तोवर सगळं थंड होऊन परत घट्ट. उलट बाजूनेही जमतं, भोकाला हात न लावता शाफ्टच उणे १९६ डिग्रीच्या द्रव नायट्रोजनमधे बुडवून बारीक करतात.

बसवणं तरी सोपं, काढताना खरी गंमत. गरम करावं तर बेअरिंगबरोबर शाफ्टही तापायला लागतो, आणि दोघंही सारखेच तापले की दोघंही सारखेच वाढले, पकड जशीच्या तशी. म्हणून बाहेरून झटकन तापवायचं आणि उष्णता शाफ्टपर्यंत पोचायच्या आत पुलरने (बेअरिंग ओढायच्या अवजाराने) ओढून काढायचं.