चाकण ते श्रीनगर, जानेवारीत: निघण्याआधी हीटरचे पाइप चाचपून बघा

पुण्यात ट्रकच्या हीटरचं बटण कुणी फिरवत नाही. मीही फिरवलं नव्हतं. दिल्लीच्या अलीकडे, पलवलच्या पुढे पहाटे चारला, दाट धुक्यात, ते लाल खुणेवर नेलं आणि ब्लोअर फुल्ल केला तेव्हा तोंडावर गारढोण हवा आली. काच आतून धुरकटलेली, पुढच्या ट्रेलरचे लाल दिवे दिसेनात, आणि भाचा सीटवर गुडघे टेकून फडक्यानं काच पुसतोय.

चाकणहून मशीनचे सुटे भाग भरले होते. सिन्नर, धुळे, बिजासन घाट, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा. इथवर सांगण्यासारखं काही नाही. इंदूरनंतर रात्री कानटोपी लागते, एवढंच.

मुरथलजवळ गॅरेजवाल्या सरदारजींनी केबिन उचलली, टॉर्च मारला आणि हसले. हीटरचे दोन्ही पाइप मध्ये नळीचा तुकडा घालून एकमेकांना जोडलेले! मग आठवलं. चार वर्षांपूर्वी क्लीनरच्या पायाशी चिकट, गोडसर वासाचं पाणी साठायचं. हीटरची कॉइल गळत होती. आपल्याकडच्या मिस्त्रीनं पाइप शॉर्ट करून दिले. ‘पुण्यात हीटर काय करायचाय?’ मलाही ते पटलं होतं.

ट्रकच्या हीटरला वेगळी शेगडी नसते. इंजिनात तापलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, एका पाइपनं डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये, म्हणजे कॉइलमध्ये येतं. ब्लोअर त्यातून हवा ढकलतो. थोडं निवलेलं कूलंट दुसऱ्या पाइपनं परत जातं. एरवी वाया जाणारी उष्णता ती. म्हणून तर घाटात तापमानाचा काटा चढला की जुने ड्रायव्हर भर मे महिन्यातही हीटर लावतात, इंजिनला तेवढाच उतारा.

नवी कॉइल बसली, तरी हवा गारच. लाइनमध्ये एअर धरली होती. गाडीचं तोंड चढाला लावलं, हीटरचा कॉक, म्हणजे कॉइलकडे कूलंट सोडणारी तोटी, पूर्ण उघडला, थंड इंजिन चालू करून कूलंट भरत राहिलो. बुडबुडे थांबायला अर्धा तास गेला. भाच्यानं मोजे काढले तेव्हा कळलं की काम झालं.

तुम्ही ही तपासणी निघण्याआधी निगडीतच करा. काटा मधोमध येईपर्यंत गाडी चालवा, हीटर फुल्ल लावा, घाम निघाला तरी चालेल. मग इंजिन बंद करा आणि दोन्ही पाइप जपून चाचपा. दोन्ही गरम, परतीचा जरा कमी, म्हणजे ठीक. एक गरम आणि एक गार असेल तर कॉइल चोक किंवा कॉक बंद. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, जागेवर आहे का, तेही विचारा. गाडी तापू नये म्हणून आपल्याकडे तो सर्रास काढून टाकतात. मग थंडीत इंजिन तापतच नाही आणि हीटर कोमट राहतो. रेडिएटरमध्ये नुसतं साधं पाणी घालून तर जाऊच नका, गोठलं की इंजिनचा ब्लॉक तडकतो. कूलंट निम्मं आणि पाणी निम्मं असेल तर उणे ३५ अंशांपर्यंत चिंता नाही.

काच धुरकटली तर हवा बाहेरून घ्या, आतलीच फिरवू नका. एसी असेल तर हीटरसोबत तोही लावा. एसी हवेतला ओलावा काढतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकना एसी केबिन सक्तीचीच झाली आहे.

काश्मीरमध्ये काझीगुंडला मुक्काम पडला. बाजूच्या गाडीला डिझेलवर चालणारा पार्किंग हीटर होता. त्यात डिझेल इंजिनाबाहेर वेगळं जळतं आणि धूर बाहेर जातो, त्यामुळे इंजिन बंद ठेवून झोपता येतं. आमच्याकडे दोन रजया. बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी घेऊन झोपू नका. बर्फात इंजिन चालू ठेवूनही नको, सायलेन्सर बर्फानं बुजला की विषारी धूर आत येतो आणि झोपेतच माणूस जातो.

परतल्यावर त्या मिस्त्रीला गाठलं. सगळं ऐकून घेतलं त्यानं. म्हणाला, ‘पण चार वर्षं पाणी गळलं का?’

नाही गळलं.